न चिरता आत पाहताना

कागदात बांधून आणलेली गरम भजी आपण सगळ्यांनीच खाल्ली आहेत. भजी संपल्यावर कागदावरचा तेलाचा डाग पाहा. तेवढ्या जागी कागद अर्धपारदर्शक झालेला असतो. कागदाचे तंतू आणि त्यांच्यामधली हवा प्रकाशाला वेगवेगळ्या प्रमाणात वळवतात, त्यामुळे प्रकाश विखुरतो आणि पलीकडचं दिसत नाही. तेल हवेची जागा घेतं. तेल आणि तंतू प्रकाशाला जवळपास सारखेच वळवतात, म्हणून प्रकाश आरपार जाऊ लागतो. आज मी ज्या तंत्राबद्दल बोलणार आहे, त्याचं मूळ याच साध्या गोष्टीत आहे.

आपल्या शरीरातले बहुतेक अवयव याच कारणानं अपारदर्शक असतात. त्यांतलं पाणी, चरबी आणि प्रथिनं प्रकाशाला निरनिराळं वळण देतात. म्हणून आतलं पाहायचं तर अवयव कापायचा, हाच शंभराहून अधिक वर्षांचा रिवाज. तपासणीसाठी काढलेली गाठ मेणात बसवतात, तिचे चार-पाच मायक्रोमीटर जाडीचे काप करतात, रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. आता हिशेब करा. पाच मायक्रोमीटरचा एक काप धरला, तर एक सेंटीमीटर जाडीच्या तुकड्याचे २,००० काप होतील. प्रत्यक्षात त्यांतले मोजकेच तपासले जातात. या पद्धतीनं असंख्य रुग्णांचं योग्य निदान झालं आहे, आजही होतं आहे. पण रोगाची सुरुवात ठिपक्याएवढी असली आणि तो ठिपका न पाहिलेल्या भागात राहिला तर? खरा प्रश्न हा आहे.

अवयव न कापता पारदर्शक करण्याची कल्पना जुनी आहे. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ व्हेर्नर श्पाल्टेहोल्त्स यांनी १९११ मध्ये तिच्यावर पुस्तकच लिहिलं. अवयवातलं पाणी काढून ते त्यात विशिष्ट तेलकट द्रव मुरवत. त्यांतल्या एका द्रवाचा वास दुखऱ्या सांध्यांना चोळायच्या मलमांमुळे आपल्याही ओळखीचा आहे. पण तो पारदर्शक अवयव बारकाईनं पाहण्याचं साधन तेव्हा हाताशी नव्हतं. ते पुढे आलं. कौलांच्या फटीतून उन्हाचा कवडसा आला, की तेवढ्याच पट्ट्यातले धुळीचे कण चमकतात. तसाच प्रकाशाचा पातळ पडदा बाजूनं अवयवात सोडायचा, उजळलेल्या थराचं छायाचित्र घ्यायचं आणि थरामागून थर संगणकात जुळवायचे. २००७ मध्ये हान्स-उलरिख डोट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराचा अख्खा मेंदू असा पाहिला. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात कार्ल डायसेरोथ यांच्या गटानं वेगळी वाट काढली. मेंदूत जेलीसारखं जाळं तयार करून त्यांनी प्रथिनं जागच्या जागी धरून ठेवली आणि साबणासारख्या द्रव्यानं चरबी धुऊन काढली. मेंदू काचेसारखा झाला.

पण चित्र कितीही सुंदर असलं, तरी ते मुख्यतः ‘कुठे’ एवढंच सांगतं. ‘काय’ हे सांगायला रेणू ओळखावे लागतात. चमकणारे रंग लावलेली प्रतिद्रव्यं वापरून एखादं प्रथिन शोधता येतं. मात्र काय शोधायचं हे आधी ठाऊक असावं लागतं आणि एका वेळी थोडेच रंग वापरता येतात. याउलट मास स्पेक्ट्रोमीटर हे यंत्र रेणूंच्या वस्तुमानावरून हजारो प्रथिनं ओळखतं. पण त्यासाठी नमुना विरघळवावा लागतो. मग कुठलं प्रथिन कुठे होतं, हा पत्ताच हरवतो.

या दोन्हींची सांगड जर्मनीत म्युनिकमधल्या संशोधकांनी घातली. अली एर्ट्युर्क आणि सहकाऱ्यांचं हे काम २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. अल्झायमरसारखा विकार जडवलेल्या उंदरांचे मेंदू त्यांनी पारदर्शक केले आणि संपूर्ण मेंदूत रोगाचे अगदी सुरुवातीचे ठिपके शोधले. मग नेमका तेवढाच सूक्ष्म भाग वेगळा काढून त्यातली प्रथिनं मास स्पेक्ट्रोमीटरनं तपासली. आधी नकाशा, मग त्यावरच्या खुणेच्या जागीच खोदकाम, असा हा क्रम आहे. विसराळूपणा दिसू लागतो तोवर मेंदूची पुष्कळ हानी होऊन गेलेली असते. म्हणून सुरुवातीच्या ठिपक्यात काय घडतं हे कळणं मला मोलाचं वाटतं.

याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. हे सारं मृत ऊतींवरच करता येतं. चरबी धुऊन काढली, की चरबीच्या रेणूंचा अभ्यास त्या नमुन्यात करता येत नाही. माणसाचा मोठा अवयव पारदर्शक व्हायला आठवडे-महिने जातात. आणि जाडी वाढली की तपशील घटतो. स्टॅनफर्डमध्येच २०१८ मध्ये पेशींमधले जनुकांचे संदेश जागच्या जागी वाचण्याची पद्धत निघाली. पातळ कापांत १,०२० जनुकांचे संदेश वाचता आले. १५० मायक्रोमीटर जाड तुकड्यात मात्र २८ जनुकांचेच. दोन्ही एकदम हवं असेल, तर अजून बराच पल्ला गाठायचा आहे.

त्यामुळे उद्याच आपल्या गावच्या प्रयोगशाळेत गाठ पारदर्शक करून तपासतील, अशी अपेक्षा कुणी धरू नये. मेणातला काप, रंग आणि अनुभवी डोळे यांची गरज संपलेली नाही. पण पारदर्शक करून पाहिलेला तुकडा नंतर नेहमीच्या पद्धतीनंही तपासता येतो, हे संशोधकांनी दाखवून दिलं आहे. म्हणजे एक निवडताना दुसरं गमवावंच लागेल, असं नाही.

तपासणीचा अहवाल हातात घेतलेल्या माणसाला पद्धतीचं नाव नको असतं. ‘सगळं पाहिलंत ना?’ एवढंच त्याला विचारायचं असतं. या प्रश्नाला आजच्यापेक्षा अधिक खात्रीनं ‘हो’ म्हणता यावं, यासाठीच ही सारी खटपट चालली आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)