माशाचं नाक



मत्स्यशास्त्राच्या संमेलनात अध्यक्षानं सगळ्या क्षेत्राचा आढावा घ्यावा, अशी प्रथा आहे. तो मी आज घेणार नाही. मला बोलायचं आहे ते माशाच्या नाकाबद्दल.

१० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी यांनी पीयूषिका ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन आपल्या कार्प माशांचं प्रजनन घडवून आणलं. देशातलं गोड्या पाण्यातलं मत्स्यपालन त्या शोधावर उभं आहे. पण तेव्हापासून संप्रेरक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सिरिंजच येते. काही संप्रेरकं माशाच्या अंगातून पाण्यात उतरून दुसऱ्या माशाला कामाला लावतात, हा भाग आपण वर्गात घाईनं उरकतो. मला ते खटकतं.

गोल्डफिशचं उदाहरण घ्या. कॅनडातले नॉर्मन स्टेसी आणि अमेरिकेतले पीटर सोरेन्सन यांनी १९८०च्या दशकापासून या माशावर जे काम केलं, ते प्रत्येक विद्यार्थ्यानं मुळातून वाचावं. अंडी पक्व होण्याच्या रात्री मादीच्या रक्तात १७,२०-बीटा-पी नावाचं स्टेरॉइड वाढतं. ते तिच्या अंड्यांसाठीच असतं; पण कल्ल्यांतून थोडं पाण्यात पाझरतं. तीनशे कोटी लिटर पाण्यात एक ग्रॅम, इतकं विरळ झालं तरी नराच्या नाकाला ते कळतं! नराच्या रक्तातलं ल्युटिनायझिंग संप्रेरक वाढतं आणि पहाटेपर्यंत त्याच्या शुक्ररसाचं प्रमाण वाढलेलं असतं. मादी दिसायचीही गरज नसते. वास नेणारे चेतातंतू कापले, की हा परिणाम होत नाही.

पहाटेच्या सुमाराला अंडी सुटतात आणि दुसरा निरोप निघतो. अंडवाहिनीत अंडी उतरली की प्रोस्टाग्लँडिन एफ-टू-अल्फा तयार होतं. ते मेंदूत पोचून मादीला पाणवनस्पतींकडे नेतं आणि मूत्रावाटे बाहेर पडून नरांना तिच्या मागे लावतं. अंडी न सुटलेल्या मादीला याचं नुसतं इंजेक्शन दिलं, तरी ती अंडी घालायच्या हालचाली करते. एकच रेणू मादीच्या आत हुकूम देतो आणि बाहेर बातमी पोचवतो. स्टेसींच्या मते याची सुरुवात नरांच्या हेरगिरीतून झाली असावी: मादीनं मुद्दाम काही सांगितलं नव्हतं, तिच्या अंगातून जे गळत होतं ते नर हुंगायला शिकले.

आता काळजीची बाब. ब्रिटनमध्ये मूर आणि वॉरिंग यांनी अटलांटिक सामनचे पक्व नर डायझिनॉन या कीटकनाशकाच्या अत्यल्प मात्रेत ठेवले. त्यांचा निष्कर्ष १९९६ साली प्रसिद्ध झाला. मासे जिवंत होते, पण मादीच्या प्रोस्टाग्लँडिनला त्यांचं नाक पुरेसा प्रतिसाद देत नव्हतं. आपल्या पाणीतपासणीत विरघळलेला ऑक्सिजन असतो, सामू असतो, अमोनिया असतो. माशाला वास येतो का, हा रकानाच नाही. कोकणात पहिल्या पावसात चढणीचे मासे ओढ्यांतून वर निघतात, तेव्हा शेतांतून वाहून आलेलं सगळं त्याच पाण्यात असतं. मेलेले मासे तरंगले की बातमी होते; वास हरवलेल्या माशाची होत नाही. मला हे नुकसान अधिक गंभीर वाटतं.

म्हणून दोन विनंत्या. संशोधकांनी रोहू, कटला आणि मृगळ यांच्या घ्राणेंद्रियावर आपल्याच नद्यांचं पाणी घेऊन काम करावं. आणि मत्स्यबीज केंद्रचालकांनो, तुम्ही नर-माद्या वेगळ्या टाक्यांत ठेवता. मादीच्या टाकीतलं पाणी नराच्या टाकीतून फिरवलं तर शुक्ररसात काय फरक पडतो, हे येत्या जुलैत पाहा, वहीत लिहून ठेवा आणि त्या वह्या घेऊन पुढच्या संमेलनाला या.