रेशनकार्ड आणि केसपेपर

१९०७ साली न्यू गिनी बेटावरच्या दोन जिवांना शास्त्रीय नावे मिळाली आणि दोन्ही नावांमागे वॉल्टर रॉथशिल्ड हे ब्रिटिश संग्राहक होते. एक माट्शीचा वृक्ष-कांगारू, झाडावर राहणारा, पोटावरच्या पिशवीत पिल्लू वाढवणारा. दुसरे राणी अलेक्झांड्राच्या नावाचे, जगातले सर्वांत मोठे फुलपाखरू. मादीचा पंखविस्तार २५ सेंटिमीटरहून अधिक. आज आंतरराष्ट्रीय लाल यादीत दोघांपुढे एकच शेरा आहे : संकटग्रस्त. शेरा एक म्हणजे दुखणेही एक, असे आपण धरून चालतो. माझे भांडण त्याच्याशी आहे. वर्गीकरण हे रेशनकार्ड. कोण कुणाच्या घरचे ते त्यावरून कळते. लाल यादी हा दवाखान्यातला केसपेपर. रेशनकार्ड पाहून औषध देऊ नये, आणि केसपेपरवर नुसते ‘ताप’ वाचूनही देऊ नये.

रेशनकार्डावर हे दोघे ‘प्राणी’ या शब्दापलीकडे कुठेच भेटत नाहीत. एकाला पाठीचा कणा, दुसरे कीटक. उलट आपले राज्य फुलपाखरू नीलवंत या राणीच्याच कुळातले. पण नीलवंत सह्याद्रीत आजही सहज दिसते, आणि त्याचे हे चुलत भावंड पापुआ न्यू गिनीच्या ओरो प्रांतातल्या जंगलाच्या तुकड्यांत अडकून पडले आहे. नाते जवळचे, तब्येत निराळी. आता केसपेपर नीट वाचा. कांगारूची मांसासाठी शिकार होते आणि मादीला एका वेळी एकच पिल्लू, त्यामुळे तूट भरून निघत नाही. फुलपाखराच्या अळ्या ठरावीक वेलींवरच जगतात. १९५१ साली लॅमिंग्टन ज्वालामुखीने तिथले जंगल होरपळले, पुढे पाम तेलाच्या मळ्यांनी आणखी गिळले. ताप दोघांनाही, पण एकाला मलेरिया, दुसऱ्याला विषमज्वर.

कुणी म्हणेल, जंगल राखले की दोघेही वाचतील, मग ही चिकित्सा कशाला? हे अर्धेच खरे. जंगल उभे राहिले आणि शिकार चालू राहिली, तर कांगारू जाणारच. म्हणून कांगारूचे घर असलेल्या ह्यूऑन द्वीपकल्पातल्या गावकऱ्यांनी आपल्या जमिनी राखीव ठेवल्या, तिथे शिकार सोडली, आणि २००९ साली ते क्षेत्र कायद्याने संरक्षित झाले. फुलपाखराच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आहे. पण बंदीने वेल उगवत नाही. शिवाय ज्या शेतकऱ्याला या फुलपाखरापासून दमडी मिळत नाही, त्याने वेलीसाठी जमीन का अडवावी? हा प्रश्न खरे तर वेगळ्या भाषणाचा, आणि माझी मिनिटे सरली. एवढे तरी ध्यानात ठेवा : रेशनकार्ड वेगळे, केसपेपर वेगळा.