राबत्या हाताचा घास

द्राक्षं खुडताना मजूर बाईनं चार मणी तोंडात टाकले, तर ती चोरी का? ज्यू धर्मशास्त्र म्हणतं, नाही, तो तिचा हक्क आहे. तोरा सांगते: मळ्यात पोटभर खा, पण भांड्यात भरू नका. सुमारे 1800 वर्षांपूर्वीच्या मिश्ना ग्रंथात याचे बारकावे आहेत. अंजिरं तोडणाऱ्यानं द्राक्षं खाऊ नयेत. मजुरीहून जास्त किमतीचं खाल्लं तरी चालतं. मात्र हावरटपणा केला तर पुढचं काम मिळणार नाही, ही समजही दिली आहे. मळणीच्या बैलालाही मुसकं बांधायचं नाही. म्हणजे तो घास ही मालकाची मेहेरबानी नव्हे. खुडणीला बाया बोलावाल, तेव्हा एवढं आठवा.