गाळा, कर्ज आणि सल्ला



चक्रवर्ती राजगोपालाचारी यांचे नाव धारण करणारे बंगळूरचे राजाजीनगर हे घरांइतकेच लहान कारखान्यांचेही उपनगर आहे. १९५५ च्या सुमारास भारत सरकारने औद्योगिक वसाहतींची योजना हाती घेतली. तयार गाळा, वीज आणि पाणी एकाच ठिकाणी मिळाले, तर लहान उद्योजकाचे तुटपुंजे भांडवल जमीन आणि इमारतीत अडकून पडणार नाही, हा तिच्यामागील विचार होता. राजाजीनगरची वसाहत ही या योजनेतील आरंभीच्या वसाहतींपैकी एक. लघुउद्योगांना मार्गदर्शन करणारी केंद्र सरकारची संस्थाही पुढे येथेच आली.

परंतु गाळा मिळाला म्हणजे उद्योग उभा राहिला, असे होत नाही. बँकेच्या पायरीशी अडखळणाऱ्या माणसाला कोणीतरी हात द्यावा लागतो. १९८३ साली बंगळुरात मधुरा छत्रपती आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी ‘अवेक’ ही कर्नाटकातील महिला उद्योजकांची संघटना स्थापन केली, ती हीच उणीव ओळखून. राजाजीनगरच्या वसाहतीत तिचे कार्यालय आले. नवख्या उद्योजिकेला सल्ला द्यावा तो स्वतः धंदा केलेल्या स्त्रीने, हे या संघटनेच्या कार्याचे सूत्र.

या सल्ल्याचे स्वरूप कसे असते? समजा, एखादी गृहिणी घरी सांबार मसाला करून विकते. मिरची, धणे, डाळी, पिशव्या यांचा खर्च ती बिनचूक सांगते. मात्र स्वतःची मजुरी, घरचा गॅस आणि परत आलेला माल ती हिशेबात धरीत नाही. वहीत नफा दिसतो. प्रत्यक्षात ती पदरमोड करीत असते. अशा वेळी कर्जाचा अर्ज भरून देणे सोपे; “आधी भाव बदला, कर्ज मागाहून पाहू,” हे सांगणे अवघड. जाणता सल्लागार हे अवघड काम आधी करतो.

दुसरी अडचण येणे वसुलीची. २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म व लघुउद्योगांकडून घेतलेल्या मालाचे पैसे अधिकात अधिक ४५ दिवसांत चुकते केले पाहिजेत. विलंब झाल्यास बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. तथापि पुढची मागणी हातची जाईल या भयाने लहान पुरवठादार तक्रार करण्यास धजत नाही. एकाच गिऱ्हाइकावर विसंबलेल्याला कायदा असूनही नसल्यासारखा होतो. म्हणून दुसरे आणि तिसरे गिऱ्हाईक शोधून देणे हेही सल्लागाराचेच काम ठरते.

या व्यवसायात आयुष्य वेचणाऱ्याच्या नावाची पाटी कोणत्याही कारखान्यावर लागत नाही. वाटलेल्या कर्जाच्या आकड्यांवरूनही त्याचे मोल ठरत नाही. काल हिशेबाची वही घेऊन आलेली स्त्री आज दुसरीची वही तपासू लागली, की त्याचे काम फळाला आले असे समजावे.