बटण डावीकडे की मधे?

परवा माझ्या मुलीनं नवा संगणक घेतला. मी सवयीनं डाव्या कोपऱ्यात 'स्टार्ट' शोधू लागलो. ती हसली. म्हणाली, "अब्बा, ते आता मधे गेलंय." मनात आलं, विंडोजला आता एवढंच सुचतं का? बटण इकडून तिकडे?

हे बटण आलं १९९५ साली, विंडोज ९५ बरोबर. 'इथून सुरू करा' असं सांगणारा एक कोपरा मिळाला आणि माझ्यासारख्या बी.ए. झालेल्या माणसाचीही भीड चेपली. २०१२ साली विंडोज ८नं ते काढलं, लोकांनी ओरड केली, पुढच्या वर्षी ते परत आलं. २०२१ साली विंडोज ११मध्ये ते मधे सरकलं.

पण मला विंडोजची खरी नवलाई दिसली ती मराठीत. पूर्वी मी कविता ज्या फाँटमध्ये टाइप करायचो, त्यात संगणकाच्या लेखी अक्षरं इंग्रजीच असत. वर फक्त देवनागरीचा मुखवटा. पलीकडे तो फाँट नसला की उघडायची चिन्हांची रांगोळी. एका संपादकांनी फोन करून विचारलं, "कविता प्रायोगिक आहे का?"

विंडोज २०००मध्ये युनिकोड देवनागरीची सोय आली. युनिकोड काही एकट्या मायक्रोसॉफ्टचं नव्हे. पण त्यातला 'क'चा स्वतःचा क्रमांक, ०९१५, आमच्या टेबलापर्यंत पोचला तो असा. सोबतचा 'मंगल' फाँट घडवला होता र. कृ. जोशी यांनी. ते सुलेखनकार, शिक्षक आणि मराठीतले कवीही.

पुढे २००७ साली आयफोन आला, २००८ साली अँड्रॉइडचा फोन, आणि नवं ते सगळं खिशात गेलं. २०१४ साली नोकियाचा फोनचा व्यवसाय विकत घेऊनही मायक्रोसॉफ्टला तिथं बस्तान बसवता आलं नाही. आज चालता चालता सुचलेली ओळ मी फोनला सांगतो, तो लिहून घेतो.

मग विंडोजची धार गेली का? टेबलावरच्या संगणकांत ती आजही पहिली आहे. कितीतरी कचेऱ्यांची, दुकानांची जुनी कामं तिच्यावर चालतात. भाडेकरूंनी भरलेल्या वाड्यात भिंत हलवताना दहादा विचार करावा लागतो. जुनं सांभाळणं हेही कामच आहे. पण २०२५च्या ऑक्टोबरात विंडोज १०चा नेहमीचा आधार थांबला, आणि ठणठणीत चालणारे कित्येक संगणक विंडोज ११च्या अटींत बसेनात. मग सांभाळलं ते काय?

माझं माप साधं आहे. काल ज्याला जमत नव्हतं त्याला आज जमलं, तर ती नवलाई. त्या मापानं विंडोजची शेवटची मोठी नवलाई पंचवीस वर्षांपूर्वीची.

त्या नव्या संगणकावर मी २००२ साली टाइप केलेली एक कविता उघडली. एक काना हलला नव्हता. त्याआधीच्या कवितांची मात्र रांगोळीच आहे. त्या मी कागदावरून पुन्हा टाइप करतो आहे, रोज एक.