उंबरठ्यावरचे क्रिकेट

(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावर आम्ही क्रिकेटचा विषय घेतला, याचे काहींना नवल वाटेल. त्यातही भारत, इंग्लंड वा ऑस्ट्रेलिया यांच्याविषयी आम्ही बोलणार नाही. ज्या स्पर्धेचे निकाल आपल्याकडील वृत्तपत्रे एखाद्या कोपऱ्यात छापतात, त्या वीस षटकांच्या विश्वचषकाच्या पात्रता स्पर्धेविषयी आम्हांस बोलावयाचे आहे. नेपाळ, ओमान, स्कॉटलंड, नेदरलँड्स, पापुआ न्यू गिनी असे देश तीत उतरत आले. इतर स्पर्धांत चषक महत्त्वाचा. येथे तो दुय्यम. खरे पारितोषिक म्हणजे थोरांच्या पंगतीत मिळणारे एक पान.

2008 च्या ऑगस्टमध्ये बेलफास्ट येथे ही स्पर्धा प्रथम झाली. अंतिम सामना पावसाने धुऊन नेला आणि आयर्लंड व नेदरलँड्स यांनी चषक वाटून घेतला. परंतु पुढील वर्षी इंग्लंडमध्ये होणाऱ्या विश्वचषकातील प्रवेश दोघांनीही आधीच मिळविला होता. त्या प्रवेशाचे मोल 5 जून 2009 रोजी लॉर्ड्सवर कळले. पहिल्याच दिवशी यजमान इंग्लंडने 162 धावा केल्या आणि नेदरलँड्सने शेवटच्या चेंडूवर दोन धावा पळून सामना जिंकला. दार उघडले नसते, तर त्या संघाचे सामर्थ्य कोणास दिसले असते?

मात्र हे दार किती उघडावयाचे, हे आत बसलेली मंडळी ठरवितात. 2012 मध्ये संयुक्त अरब अमिरातीत 16 संघ खेळले आणि जागा होत्या अवघ्या दोन. त्या आयर्लंड व अफगाणिस्तान यांनी पटकाविल्या. पुढच्याच वर्षी तेथेच पुन्हा 16 संघ जमले, पण जागा सहा झाल्या. लगेच नेपाळचे भाग्य फळले. अबू धाबी येथे हाँगकाँगविरुद्ध शेवटच्या चेंडूवर विजय मिळवून नेपाळने 2014 च्या विश्वचषकात प्रथमच प्रवेश केला. त्याच विश्वचषकात हाँगकाँगने बांगलादेशाला त्यांच्याच भूमीवर हरविले. एका वर्षात या देशांचे क्रिकेट तिपटीने सुधारले नव्हते. जागा तिपटीने वाढल्या होत्या, इतकेच.

एकदा आत आलेल्याचे स्थान पक्के होते, असेही नाही. 29 फेब्रुवारी 1996 रोजी पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर केनियाने वेस्ट इंडिजला 93 धावांत गुंडाळले. पुढे आपले संदीप पाटील प्रशिक्षक असताना हाच संघ 2003 च्या विश्वचषकात उपांत्य फेरीपर्यंत गेला. तरीही कसोटीचा दर्जा त्यास लाभला नाही, आणि 2014 मध्ये एकदिवसीय सामन्यांचा दर्जाही गेला. याउलट अफगाणिस्तान 2008 मध्ये जर्सी बेटावर पाचव्या श्रेणीत खेळत होते. 2010 मध्ये दुबईची पात्रता स्पर्धा त्यांनी जिंकली, 2017 मध्ये कसोटीचा दर्जा मिळविला आणि 2024 मध्ये वीस षटकांच्या विश्वचषकाची उपांत्य फेरी गाठली. त्यांना दर्जा मिळाला तेव्हा प्रशिक्षक होते मुंबईचे लालचंद राजपूत.

आता या संघांवरील नेहमीच्या आक्षेपाकडे वळू. ‘हे कसले त्या देशाचे संघ? सारे बाहेरून आलेले!’ हा आक्षेप जुना आहे. 1994 मध्ये नैरोबी येथे अमिरातीने केनियाला हरवून आयसीसी करंडक जिंकला, तेव्हा विजयी संघातील बहुतेक खेळाडू भारत-पाकिस्तानातून गेलेले होते. त्यावर मोठी ओरड झाली. केवळ विजयासाठी खेळाडू आयात केले जाऊ नयेत, हे आम्हांसही मान्य आहे. त्यासाठीच तर आज जन्म, नागरिकत्व किंवा तीन वर्षांचे वास्तव्य, यांपैकी एक अट पुरी करावी लागते. परंतु पोटापाण्यासाठी गेलेला मनुष्य जेथे राहतो, राबतो, तेथील संघात खेळला, तर त्यास परका का म्हणावे?

मुंबईचा सौरभ नेत्रावळकर 2010 मध्ये भारताच्या 19 वर्षांखालील संघातून विश्वचषक खेळला. पुढे तो शिक्षणासाठी अमेरिकेस गेला, तेथेच संगणक अभियंता म्हणून नोकरी करू लागला आणि नोकरी सांभाळून अमेरिकेकडून खेळला. 2022 मध्ये बुलावायो येथील पात्रता स्पर्धेत अमेरिका उपांत्य सामन्यात हरली. दार एका विजयावर राहून गेले. 2024 मध्ये यजमान म्हणून त्या संघास प्रवेश मिळाला. डॅलस येथे पाकिस्तानशी बरोबरी झाल्यावर निर्णायक षटक नेत्रावळकरने टाकले आणि अमेरिका जिंकली. सहा दिवसांनी न्यूयॉर्क येथे त्याने विराट कोहली व रोहित शर्मा यांना बाद केले. रोहितही मुंबईचाच! त्या सामन्यात आपण कोणाच्या बाजूने असावे, असा प्रश्न पडला असेल, तर तो वावगा नव्हे. भारत जिंकावा असे वाटणे आणि नेत्रावळकरचा अभिमान वाटणे, या दोन्ही गोष्टी एकाच मनात सुखाने नांदू शकतात.

बंधुभगिनींनो, महाराष्ट्राबाहेर पन्नास वर्षे काढलेल्या मंडळास हे निराळे सांगावयास नको. या शहराने आपणांस शाळांत, कचेऱ्यांत, मैदानांवर जागा दिली, म्हणूनच आज आपण हा महोत्सव साजरा करीत आहोत. तेव्हा आमची कार्यकारिणीस एक विनंती आहे. मंडळाच्या क्रिकेट सामन्यांत यापुढे आडनाव पाहू नये. शेजारच्या वस्तीतील जो मुलगा रोज आपल्या मुलांबरोबर चेंडू टाकतो, त्याचे नाव संघाच्या यादीत यावे. आपल्या हाती असलेले दार लहान आहे. पण ते उघडावयास कोणाच्या परवानगीची गरज नाही.