ओटीपी कुणाच्या फोनवर येतो?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मला ‘डिजिटल साक्षरता’ या विषयावर बोलायला सांगितले आहे. या विषयावर हल्ली शिबिरे पुष्कळ होतात. फोन कसा वापरायचा, पैसे कसे पाठवायचे, हे बायकांना शिकवले जाते. ते शिकायलाच हवे. पण माझा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. तो फोन कुणाचा?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) स्वतः वापरते असा मोबाइल असलेल्या बायका महाराष्ट्रात ५४.८ टक्के निघाल्या. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या बायका ३८ टक्के, पुरुष ६१.५ टक्के. त्यानंतर फोन वाढले, हे खरे. पण घरात नवा फोन आला की तो आधी नवऱ्याकडे, मग मुलाकडे जातो आणि काच तडकलेला बाईच्या वाट्याला येतो, हे आपण सगळ्याच पाहतो. आधार काढताना घरातला एकच नंबर सगळ्यांच्या कार्डांना दिला गेला. तोही बहुधा नवऱ्याचाच.

आता लाडकी बहीण योजनेचे पाहा. योजना २०२४ साली आली, महिना १५०० रुपये. सप्टेंबर २०२५ मध्ये शासनाने ई-केवायसी सक्तीची केली. बाईच्या आधारला जोडलेल्या नंबरवर एक ओटीपी, आणि नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारवर दुसरा. म्हणजे पैसे बाईचे, पण कुलपाची एक किल्ली पुरुषाकडे! विधवांचे आणि घटस्फोटितांचे काय, अशी ओरड झाल्यावर मृत्यूचा दाखला किंवा कोर्टाचा आदेश देण्याची सोय झाली. मुदतही वाढवावी लागली.

पण परित्यक्ता? तिला नवऱ्याने टाकलेले असते, कोर्टाचा कागद नसतो. आमच्याकडे आलेली एक बाई सात वर्षे माहेरी राहते. वडील वारलेले. नवऱ्याकडे ओटीपी मागायचा तर आधी त्याला फोन करायचा, आणि तो म्हणणार, ‘पोटगीचा अर्ज मागे घे, मग सांगतो.’ तो अगदी तसेच म्हणाला. या बाईला स्मार्टफोन उत्तम वापरता येतो. तिच्यासाठी कुठले शिबिर घ्यायचे?

ऐंशी-नव्वदच्या दशकांत परित्यक्तांच्या चळवळीने स्वतंत्र रेशनकार्ड मागितले होते, ते याच कारणाने. नवऱ्याच्या कार्डावर नाव असलेली बाई घराबाहेर पडली की सरकारच्या लेखी ती कुठेच उरत नसे. कार्डाच्या जागी आज नंबर आला, एवढेच.

दुसरी गोष्ट बँकेची. ‘पैसे आलेच नाहीत’ म्हणणाऱ्या बायकांपैकी काहींचे पैसे आलेले असतात, पण भलत्याच खात्यात. आधारवर पाठवलेले अनुदान आपण अर्जात लिहिलेल्या खात्यात जाईलच असे नाही. आधारशी सर्वांत शेवटी जोडलेल्या खात्यात ते जाते. २०१७ साली एका मोबाइल कंपनीने सिमची पडताळणी करताना लोकांची खाती परस्पर उघडली आणि लाखो ग्राहकांचे गॅसचे अनुदान तिकडे वळले. ते शिकलेल्यांच्याही लक्षात आले नव्हते.

आणि ज्यांच्याकडे आपण बायकांना पाठवतो, त्या अंगणवाडी सेविकांचे काय? २०२१ साली त्यांना पोषण ट्रॅकर हे ॲप दिले, तेही इंग्रजीत, आणि कमी क्षमतेच्या फोनवर. राज्यभर सेविकांनी ते फोन परत केले. तेव्हा काही अधिकाऱ्यांनी त्यांनाच अडाणी ठरवले. मला तर ती कृती साक्षरतेचीच वाटते.

म्हणून गटांना माझी विनंती आहे. आपल्या रजिस्टरमध्ये दोन रकाने वाढवा: बाईच्या आधारला कुणाचा नंबर जोडला आहे, आणि तिचे आधार कोणत्या बँकेच्या खात्याला जोडले आहे. नंबर बदलायला नवऱ्याची सही लागत नाही. ती स्वतः आधार केंद्रावर गेली, बोटांचे ठसे दिले आणि शुल्क भरले की काम होते. सोबत कुणीतरी जा, कारण ‘मालकांना घेऊन या’ असे तिथे सांगितले जाते. परित्यक्तांसाठी मात्र रजिस्टर पुरणार नाही. सरपंच, सेविका किंवा संरक्षण अधिकारी यांच्या दाखल्यावर त्यांची नोंद व्हावी, अशी लेखी मागणी प्रत्येक तालुक्यातून गेली पाहिजे. मसुदा मी आणला आहे. जेवणानंतर बसून त्यात प्रत्येकीने आपापल्या गावच्या बायकांचा आकडा भरू या.